विणकाम-शिवणकामातून मदत : कॉलेजची मुलं यात कशी येतील?

मुकाखांब
नमस्कार. आम्ही कोथरूड-कर्वेनगरातल्या काही जणी दर बुधवारी दुपारी एकत्र बसून विणतो. क्रोशे आणि दोन सुयांवरचं, दोन्ही. बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. थंडी सुरू होण्याआधी टोप्या, मोजे, मफलर आणि चौकोन जोडून केलेली पांघरुणं तयार ठेवायची. मग गळीत हंगामात ती ऊसतोड कामगारांच्या मुलांना आणि दवाखान्यांच्या आवारात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना द्यायची, असा आमचा नेम आहे. दौंड-बारामतीकडे डिसेंबरात पहाटे काय थंडी असते आणि ती पोरं आईबापाबरोबर फडावर किती वाजता निघतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

अडचण अशी की गटात तिशीच्या आतलं कुणीच नाही. सोसायटीतल्या मुलामुलींना बोलावलं की येतात, अर्धा चौकोन करतात, फोटो काढतात आणि पुन्हा दिसत नाहीत. त्यांना मदत करायची इच्छा नाही असं मला मुळीच वाटत नाही. करोनात घरोघरी डबे आणि औषधं पोचवणारी हीच पोरं होती. मग सुईदोऱ्यापाशीच का अडतं? ज्यांनी तरुणांना घेऊन असं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा. इथे जे विशीतले आहेत त्यांनी तर नक्की लिहा, कडू लिहिलंत तरी चालेल.

टिळकरोड
काकू, पहिली गोष्ट: बुधवार दुपार! तेव्हा आमचं प्रॅक्टिकल असतं. :)

लोकरगुंडा
+१. आणि आम्हा नोकरीवाल्यांची ऑफिसातली स्टँडअप मीटिंग.

हिशेबनीस
काम चांगलंच आहे, पण मला पडलेला प्रश्न विचारतो. आठ इंची चौकोन धरले तर सहा बाय आठ असे ४८ चौकोन लागतात, तेव्हा कुठे चार फूट बाय पाच फूट चार इंचांचं एक पांघरूण होतं. नवशिक्याला एका चौकोनाला दोन तास लागतात असं धरा. म्हणजे ९६ तास झाले, शिवाय जोडणी वेगळी. लोकरीच्या खर्चात घाऊक बाजारातून तयार ब्लँकेट येतं. वीस वर्षांच्या मुलाने तेवढ्या वेळात शिकवण्या घेऊन पैसे उभे केले तर थंडीत कुडकुडणाऱ्या किती जणांना पांघरूण मिळेल? ज्याला थंडी वाजते त्याला ते हाताने विणलंय की गिरणीतून आलंय याच्याशी काय देणंघेणं?

लोकरगुंडा
हिशेबनीस, चौकोनांना इतकं कमी लेखू नका. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये देशभरातल्या बायकांनी विणून पाठवलेलं सगळं जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशेचं पांघरूण झालं होतं. गिनेसमध्ये नोंद झाली आणि नंतर ते सुटं करून गरजूंना वाटलं. एकेकटीने काय झालं असतं?

रात्रपाळी
मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हिशेबनीसांचा हिशेब पांघरुणापुरता बरोबर आहे, पण सगळ्याच वस्तूंना तो लागू पडत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी असतो. २८ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाचा २५-२६. बाजारात मिळणारी सगळ्यात लहान टोपी या बाळाच्या डोळ्यांवरून नाकावर येते. अडीच किलोच्या आतल्या बाळाला आपण आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतो, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात हे सुरू झालं, कारण तिथे बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. अशा वेळी बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, मोजे आणि टोपी असते. बाळाच्या शरीराच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे उष्णता तिथून भराभर जाते. टोपी नसेल तर ही सेवा अर्धवट राहते. नीट बसणारी टोपी कुणीतरी मापाने करून दिली तरच मिळते.

पण म्हणून विणून कुठल्याही वॉर्डात नेऊन देऊ नका. आधी विचारा. बटण नको, मणी नको, गोंडा नको, हनुवटीखाली बांधायच्या नाड्या तर अजिबात नकोत. कुसळ निघणारी लोकर नको. सुती दोरा घ्या, कारण सगळं गरम पाण्यातून धुवून निघतं. एकदा एका मोठ्या हौशी गटाने फार सुंदर टोप्या आणल्या होत्या. सगळ्यांवर गोंडे आणि फुलं होती. एकही वापरता आली नाही. आणणाऱ्या मुलींचे चेहरे मला अजून आठवतात. त्यांना आधी कुणी मापाचा कागद हातात दिला असता तर त्या पुन्हा आल्या असत्या.

हिशेबनीस
हे पटलं. जे बाजारात मिळत नाही ते हाताने करावं, जे मिळतं ते विकत घ्यावं. माझा मुद्दा तिथवरच होता.

सुलटउलट
मी विशीतला आहे, इंजिनिअरिंगला आहे, आणि विणतो. आजीकडून शिकलो. दहावीच्या सुट्टीत पाय फ्रॅक्चर होता, तिने कंटाळून सुया हातात दिल्या. काकूंनी कडू लिहा म्हटलंय म्हणून लिहितो.

चौकोन कंटाळवाणा असतो. खरंच. मी एक चौकोन करतो, तो पिशवीत जातो, त्याचं पुढे काय झालं मला कधीच कळत नाही. तेच मला अख्खी टोपी करायला द्या. दोन संध्याकाळींत होते, टाके घालण्यापासून शेवटचं टोक लपवण्यापर्यंत माझी असते. चुकली तर उसवून पुन्हा करतो, कारण ती कुणाच्या डोक्यावर जाणार हे माहीत असतं. वरच्या पोस्टमधला २५ सेंमीचा आकडा वाचल्यापासून मी मोजपट्टी घेऊन बसलोय. असा आकडा मला आधी कुणी दिलाच नव्हता.

दुसरं म्हणजे मुलांना कुणी बोलावतच नाही. कॉलेजात असे उपक्रम लागतात तेव्हा सूचना मुलींच्या वसतिगृहात लागते. मुलांनी रक्तदान करायचं आणि टेबलं उचलायची. मी हॉस्टेलवर विणत बसलो की पहिले दोन दिवस चेष्टा झाली, तिसऱ्या दिवशी दोघं शिकवतोस का विचारायला आले. त्यातला एक आता माझ्यापेक्षा चांगला केबल टाका घालतो.

मुकाखांब
सुलटउलट, किती बरं वाटलं वाचून. आमच्याकडे ये रे. तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग.

निगडीकर
मी माध्यमिक शाळेत शिकवते. मुलं कॉलेजात जाईपर्यंत त्यांच्या हातांचं काय झालेलं असतं ते सांगते. आमच्याकडे कार्यानुभवाची वस्तू करून आणायची असते. पुष्कळ घरांत ती रात्री जागून आई करते, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून तयार येते. मुलांना सुईत दोरा ओवता येत नाही, आणि येत नाही हे त्यांना चारचौघांत दाखवायचं नसतं. तुमच्या गटात ती पोरं पुन्हा येत नाहीत याचं मोठं कारण मला हेच वाटतं. तुमचे हात सराईत, त्यांचे बावरलेले, आणि शेजारी बसलेली काकू प्रेमाने म्हणते, आण इकडे, मी करते. म्हणू नका. वेडावाकडा असला तरी त्यांचा टाका त्यांनाच घालू द्या.

आणि कृपा करून प्रमाणपत्रं वाटू नका. एका टोपीला एक प्रमाणपत्र असं सुरू झालं की वस्तू पुन्हा आईच करणार.

टिळकरोड
निगडीकर मॅडम, प्रमाणपत्राबद्दल थोडं वेगळं मत आहे. मी राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात आणि सात दिवसांचं शिबिर. तासांसाठी येणाऱ्याला लोक नावं ठेवतात. पण माझ्यासोबतचे निम्मे जण तासांसाठी आले आणि कामासाठी राहिले. तास हे दार आहे. ते बंद केलंत तर जे घरून बाहेर पडायला कारण शोधत असतात, विशेषतः ज्या मुलींना संध्याकाळी घराबाहेर पडायला कागद दाखवावा लागतो, त्या येणारच नाहीत. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोला. विणायला बसलेले तास धरतील का ते विचारा.

निगडीकर
मुलींचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तासांचं पत्र द्यावं, मान्य. वस्तूंच्या संख्येवर मात्र काही देऊ नये, यावर मी ठाम आहे.

मोडीवाचक
थोडं विषयांतर. पुण्याला हे नवीन नाही. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी १९०९ मध्ये इथे सेवासदन काढलं तेव्हा शिवण हा शिक्षणाचाच भाग होता, विधवांना आणि गरजू बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. जखमी सैनिकांना हातचं कसब शिकवणारी, १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज संस्था खडकीत आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीम आली आणि हातकाम हेच शिकण्याचं माध्यम मानलं गेलं. माझे वडील शाळेत टकळीवर सूत कातत. त्यांना ते आवडायचं, कारण कातलेल्या सुताचं पुढे कापड होतं हे डोळ्यांसमोर असायचं. सुलटउलट जे म्हणतो तेच.

लोकरगुंडा
मोडीवाचक, यावर वेगळा धागा काढा ना!

एक विचारायचं होतं. बाळांसाठी विणलेले ऑक्टोपस देतात म्हणे, २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं. बाळ त्याचे पाय नाळेसारखे धरतं आणि नळ्या ओढत नाही. माझ्या ऑफिसातल्या मुली यासाठी एका पायावर तयार आहेत, कारण दिसायला गोड. करावे का?

रात्रपाळी
दिसतात गोड, पण मी घाई करू नका म्हणेन. डेन्मार्कच्या लोकांनी स्वतःच कडक नियम घातलेत: शंभर टक्के सुती दोरा, ओढल्यावर पाय २२ सेंमीहून लांब नको, ६० अंशांच्या पाण्यात धुता आला पाहिजे, टाके इतके घट्ट की आतला कापूस बाहेर येता कामा नये. फायद्याचा भक्कम पुरावाही नाही, आणि काचेच्या पेटीत मऊ वस्तू ठेवू नये असं मानणारे डॉक्टर भरपूर आहेत. संबंधित विभागाने मागितला तरच करा. ऑफिसातल्या मुलींचा उत्साह टोप्या-मोज्यांकडे वळवा. मोजे तर कायम लागतात.

चंद्रकोर
लोकर आणि सुती दोरा रविवार पेठेत घ्या, बोहरी आळीच्या आसपास. किलोवर घेतलं तर भाव बरा पडतो. तुळशीबागेत एकेक गुंडा घेत बसू नका. एकाच लॉटचा घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो.

दुसरं, फोटोंबद्दल. वर काकूंनी तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण आमच्या पिढीचं काम फोटोतूनच पसरतं. माझ्या मैत्रिणीने इन्स्टावर विणतानाचा व्हिडिओ टाकला आणि तिला शिकवशील का म्हणून मेसेज आले. फोटो बंद म्हटलंत तर माणसं कुठून येणार?

गोधडीवाली
चंद्रकोर, विणतानाचे, दोऱ्यांचे, हातांचे फोटो खुशाल काढ. घेणाऱ्याचे काढू नकोस. पालावर मी गेलेय वाटपाला. बाई पांघरूण घेते, मग तिला सांगतात, ताई, इकडे बघा, हसा. तिच्या लेकराच्या नाकातला शेंबूडसुद्धा पुसलेला नसतो. तिला कुणी विचारतं का, तुमचा फोटो लावू का म्हणून? आपल्या घरच्या बाळंतिणीचा असा फोटो चालेल का आपल्याला?

आता मूळ प्रश्नावर. विणकामाला शिकायला वेळ लागतो. गोधडीला फक्त धावदोरा लागतो, आणि तो कुणालाही तासाभरात जमतो. जुनी सुती लुगडी, साड्या, धोतरं, चादरी धुऊन थर लावायचे, कडा दुमडायच्या आणि बाहेरून आत शिवत यायचं. एका गोधडीभोवती सहा-आठ जण बसतात. ज्याचा टाका लांब पडतो त्याच्याशेजारी बारीक टाक्यावाली बसली की आपोआप सुधारतो. गप्पा होतात. पोरांना एकटं बसून विणायचा कंटाळा येतो, इथे एकटं कुणी नसतंच. हिशेबनीस, कापड घरचं, खर्च दोऱ्याचा. आणि ती वर्षानुवर्षं टिकते.

मी मुळशीकडची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका इतकी देखणी गोधडी शिवतात की बघत राहावं. शहरातल्या गटांनी त्यांना शिकवायला बोलवावं. फक्त एक करा, त्यांना शिकवण्याचे पैसे द्या. गिटार शिकवणाऱ्याला देतो ना आपण फी? समाजकार्य आहे म्हणून त्या बाईने फुकट यायचं आणि तिची मजुरी बुडवायची, हे मला पटत नाही.

हिशेबनीस
गोधडीवाली ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण पाठिंबा. दोऱ्याआधी मानधनाची तरतूद करा.

पैशांचा विषय निघालाच आहे तर: पुष्कळ गट दिवाळीत पणत्या, आकाशकंदील, राख्या विकून निधी जमवतात. छान आहे. पण तरुणांच्या हातात पैसा द्याल तर पहिल्या दिवसापासून वही ठेवायला लावा. कुणा एकाच्या खात्यावर क्यूआर लावू नका. वस्तू विकत घेतली तर ती खरेदी असते, देणगी नव्हे, तिच्यावर देणगीच्या करसवलतीची पावती मागू नये आणि देऊही नये. खरी देणगी नोंदणीकृत संस्थेलाच द्या. तिथेही जुन्या करप्रणालीत रोख २,००० रुपयांच्या वर वजावट मिळत नाही. कोरडं वाटेल, पण गट मोडतात ते बहुतेक वेळा इथेच, आणि विशीत एकदा असा वाद झाला की ती मुलं सामाजिक कामाकडे कायमची पाठ फिरवतात.

टिळकरोड
हिशेबनीस काका, वही ठेवायला मी तयार आहे. कॉमर्सचा आहे.

सांजवात
मी इथे फारशी लिहीत नाही. हा धागा सकाळपासून वाचतेय.

माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. त्यांचे हात सतत काहीतरी शोधत असतात. शर्टाची बटणं पिळून तोडायचे, सलाइनची सुई काढायचे. परदेशात अशा रुग्णांसाठी एक विणलेली नळी वापरतात, दोन्ही बाजूंनी हात घालायची, आतबाहेर बटणं, झिप, रिबिनी घट्ट शिवलेल्या. माझ्या मुलीने, ती अकरावीत आहे, ते वाचलं आणि आजोबांसाठी एक करायला घेतली. ती आधी दोन दिवस नुसती त्यांच्याजवळ बसून बघत होती की हात कुठे जातात. माझे वडील एसटीत वाहक होते. तिने आत एक छोटं कातडी पाकीट शिवलं आणि त्यात जाड कापडाच्या तिकिटांची चळत. सगळं पक्कं शिवलेलं, तोंडात जाण्यासारखं काही सुटं नाही.

बाबा आता दुपारभर तिकिटं चाळतात. बटणं शाबूत आहेत. त्यांना तिचं नाव आठवत नाही, पण ती आली की एक तिकीट तिच्यापुढे धरतात.

आता तिला आणि तिच्या मैत्रिणींना आणखी काही आजी-आजोबांसाठी अशा करायच्या आहेत. त्यांनी ठरवलंय की आधी घरी जाऊन विचारायचं, हे माणूस आयुष्यभर काय काम करत होतं. शिंपी असेल तर वेगळी, शिक्षिका असेल तर वेगळी. मला कुणाला सांगून हे करून घेता आलं नसतं. विणकाम मात्र तिला फारसं येत नाही. कुणी शिकवेल का?

सुलटउलट
ताई, मी शिकवतो. कुठे राहता? कोथरूडजवळ असाल तर सायकलने येईन.

रात्रपाळी
सांजवात, तुमच्या लेकीला सांगा, तिने जे आधी दोन दिवस बघितलं ते काम आमच्याकडे फार थोड्या लोकांना जमतं.

मुकाखांब
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमच्या गटात हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सांजवात ताईंची पोस्ट वाचताना दोघी-तिघींनी चष्मे काढले.

आम्ही ठरवलंय ते असं. तरुणांसाठी वेगळी बैठक, रविवारी सकाळी दहा वाजता. बुधवार आमचा आम्ही चालू ठेवतो. आलेल्या प्रत्येकाला अख्खी वस्तू करायला मिळेल. काय करायचं आणि कुणासाठी, हे तेच ठरवतील, पण आधी तिथे जाऊन विचारून यायचं आणि माप घेऊन यायचं, ही एकच अट. पालावरही या वर्षी मुलांना वाटपाआधी घेऊन जाणार. वही टिळकरोडकडे, तपासायला हिशेबनीस. घेणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. गोधडीवाली ताई, तुमच्या गावच्या एक आजी येतील का? मानधनाचं बघून ठेवलंय, रिक्षाभाडं वेगळं. आणि आमच्यापैकी कुणी मुलांच्या हातातलं काम ओढून घेतलं तर निगडीकर बाईंचं नाव सांगायचं ठरलंय. :)

सांजवात ताई, लेकीला आणि मैत्रिणींना नक्की पाठवा.

गोधडीवाली
येतील. त्यांना जमिनीवर बसायला ऐसपैस जागा लागेल, आणि उजेड. जुन्या साड्या सुतीच आणा, सिंथेटिकला सुई अडते.

टिळकरोड
आम्ही चौघं येतोय. दोघांना टाके घालता येत नाहीत, एकाला येतात असं तो म्हणतो. सुया आणायच्या का?

मुकाखांब
सुया आहेत रे. येताना रविवार पेठेतून पांढरा आणि फिका पिवळा सुती दोरा आणा, एकाच लॉटचा. पावती वहीत लाव.